राजेश्वरअप्पांचा बोलका डबा

युसूफ वडगावच्या बाजारात राजेश्वरअप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गावात केबल नुकती आलेली, घरोघर रंगीत टीव्ही येत होते, त्यामुळे हाताला उसंत नसे. त्यांची एकुलती मुलगी शिवानी जन्मापासून बहिरी. बीडच्या एका निवासी शाळेत तिला घातलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "आवाज आहे तिला. पण तो निघतोय हे कळत नाही, म्हणून ती सोडून देते."

हे बोलणं अप्पांच्या डोक्यातून जाईना. टेपरेकॉर्डरवर गाणं लागलं की लाल दिव्यांची ओळ वरखाली नाचते, ती ते रोजच पाहत. त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात माइक बसवला आणि वर तशीच दिव्यांची ओळ लावली. डबा शिवानीपुढं ठेवून ते "आ" म्हणाले. दिवे चढले. शिवानीनं डब्याकडं पाहिलं, बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओरडली. ओळीतला शेवटचा दिवासुद्धा पेटला. मग घसा बसेस्तोवर ती थांबलीच नाही. तिची आई गंगासागर पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली आणि रडत सुटली.

शिवानी "बा" म्हणायला शिकली, तसा अप्पांनी डबा शाळेच्या पालकसभेला नेला. आतल्या जोडणीच्या आकृतीच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या.

"कुणीबी बनवा," ते म्हणाले. "फक्त काई सुधारणा सुचली तर सगळ्यांना सांगा. लपवून ठिवू नका."

तलवाड्याच्या गहिनीनाथ वेल्डरनं डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवून दाखवला. त्याच्या वस्तीवर वीज कधी असे, कधी नसे. लिंबागणेशच्या विमलबाईंचा आदिनाथ दिव्यांकडं बघायचाच नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाताला कळंल असं काई करा की." अप्पांनी लहानसा स्पीकर जोडला; पोरानं तळव्यात धरला की आवाजासरशी तो थरथरायचा. मग सगळ्यांनीच आपापल्या डब्याला तो जोडून घेतला. डबा कुणा एकाचा राहिला नाही.

अशात पुण्याच्या एका कंपनीचा तरुण अधिकारी वडगावला आला. घरी जेवला, डब्याचं तोंडभरून कौतुक केलं, आणि नमुना म्हणून शिवानीचाच डबा मागितला. अप्पांनी आपली अट सांगून तो दिला. "उत्तमच विचार," तो म्हणाला. डबा परत आला नाही. अप्पांनी शिवानीला दुसरा करून दिला.

पुढच्या वर्षी अनुदानातून शाळेत त्याच कंपनीची पांढरी प्लॅस्टिकची यंत्रं आली. आत तेच दिवे, तोच तळव्यातला स्पीकर. फक्त सगळ्या जोडणीवर काळी राळ ओतून ती दगडासारखी बंद केलेली.

मुख्याध्यापक म्हणाले, "डिझाइन कंपनीनं स्वतःच्या नावावर नोंदवलंय. तुमचे डबे इथं ठेवले तर अनुदान अडेल. घेऊन जा."

खटला होईल या धास्तीनं लोकांनी घरातले डबेही माळ्यावर टाकले. सभेत विमलबाई उठल्या. "भाऊ, माझ्या पोरासाठी केलेलं ते थरथरणं तुमी कावून इकलं?"

"बाई, मी काईच इकलं न्हाई."

"मग त्यांच्या मशीनमंदी ते गेलं कसं?"

अप्पांनी स्वतःच्या हातानंच तर डबा दिला होता. दर सभेनंतर गहिनीनाथ आणि ते एकत्र भाकरी खात. त्या दिवशी गहिनीनाथ भाकरी न सोडताच एसटी स्टँडकडं निघून गेला.

अप्पा पुण्याला गेले. दिवसभर कंपनीच्या फाटकाशी बसले. संध्याकाळी तो अधिकारी बाहेर आला.

"काका, तुम्ही तर सगळ्यांना वाटतच होता. आम्ही घेतलं तर काय बिघडलं?"

"घ्या की! पर बंद कावून केलं? आमच्या लोकांना उघडू द्या, बनवू द्या."

"ते आता कायद्याचं झालंय," म्हणत तो गाडीत बसला.

यंत्रं लवकरच बिघडू लागली. उघडता येत नव्हती आणि कंपनीनं ते मॉडेल बनवणंच सोडून दिलं होतं. शाळेचं एक कपाट मुक्या यंत्रांनी भरलं. मुलं पुन्हा हातवाऱ्यांवर आली.

काही वर्षांनी एका दुपारी विमलबाई दुकानात आल्या. सोबत मिसरूड फुटलेला आदिनाथ. "शाळंनं मोडीत काढलं," म्हणत त्यांनी पांढरं यंत्र पुढं ठेवलं. "भाऊ, हे तेवढं उघडा."

अप्पांनी तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं राळ सोलायला घेतली. राळेबरोबर तारा आणि आतले भागही तुटून आले. "र्‍हाऊ द्या," ते म्हणाले, "नवा करतो." विमलबाई बाकड्यावर बसून राहिल्या. डबा तयार झाला तसा अप्पांनी स्पीकर आदिनाथच्या तळव्यात ठेवला.

"आ म्हण, बाळा," आई तोंड मोठं करून म्हणाली.

आदिनाथनं ओठ घट्ट मिटले. गावातली पोरं त्याच्या आवाजाला हसायची. आवाजाची त्याला आता लाज वाटत होती. त्यानं स्पीकर हळूच टेबलावर ठेवला आणि हातांनी आईला खूण केली, चल.

"भाऊ, मी त्या दिवशी लई वंगाळ बोलले," विमलबाई म्हणाल्या.

"तुमचं काई चुकलं न्हाई, बाई."

अप्पांनी तरीही डबा पिशवीत घालून दिला. ते त्यांना पोचवायला गेले. एसटी आली. आदिनाथ पुढं चढला, विमलबाई पिशवी छातीशी धरून मागून चढल्या. गाडी वळणाआड गेली तरी अप्पा स्टँडवर तसेच उभे होते.