एक दिवस तुझ्या, एक दिवस माझ्या

तर त्या भांडणाची गोष्ट काल सांगताना अर्धवटच राहिली. दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि चादर तर दोघींनी मिळूनच धरायची! थोरली तोंड फुगवून मला म्हणते, "मामा, पलीकडच्या बाईंना सांगा, टोक ताणून धरा म्हणावं." पलीकडची बाई कुठं लांब होती? चार हातांवर. तीही मलाच म्हणते, "मामा, त्यांना सांगा, टोक ताणलेलंच आहे. कपाळावरच्या आठ्या तेवढ्या इस्त्री करून घ्या." मी आपला डोक्यावर गठ्ठा घेऊन मध्ये उभा, इकडचा निरोप तिकडे. तेवढ्यात चादर तिरकी गेली, मधोमध गोळा झाला, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. भांडण कशावरून होतं म्हणाल, तर आमटीत मीठ कुणी दोनदा टाकलं यावरून. ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

ही गोष्ट आमच्या लाँड्रीतली. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. मी हातगाडीवर गठ्ठे ओढायचो. या दोघी इस्त्रीच्या रुळावर. रूळ म्हणजे झाडाच्या बुंध्याएवढा, आतून वाफेनं तापलेला. एका बाजूनं थोरली ओली चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूनं धाकटी ती कोरडी, कडक करून ओढून घ्यायची. मग दोघी समोरासमोर चालत यायच्या, कोपऱ्याला कोपरा भिडवायच्या आणि घडी. थोरलीला सगळे घडीबाईच म्हणायचे. रिकामी कागदी पिशवी हातात आली तरी ती घडी घालून ठेवायची. धाकटीची मुलगी झोपली की तिच्या पांघरुणाचेही काठ जुळवायची. धाकटी म्हणायची, "जाऊबाई, पोरीची पण घडी घालाल एक दिवस."

रुळाचा नियम जोडीचा. एक आली नाही तर दुसरीलाही फाटकावरून परत. मुकादम हसत हसत सांगायचा, "एकटीनं चादर धरून काय झेंडा फडकवणार आहेस?" त्याचा राग तसा आरडाओरड्याचा नव्हताच. भिजलेल्या घोंगडीसारखा, गार आणि जड.

राहायला लाँड्रीच्या मागच्या चाळीत एक खोली. खिडकी होती, पण ती लाँड्रीच्या धुराड्याकडे उघडायची, म्हणून खिळे ठोकून बंद केलेली. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, लांब रस्त्याच्या कामावर. काम संपलं की यायचे, आणि काम काही संपायचं नाही. खोलीत या दोघी आणि ती पोर, एकीला एक चिकटून झोपलेल्या.

खोकला आधी थोरलीला लागला. आमच्याकडे खोकल्याला आजार म्हणतच नसत. वाफ, कपड्यांचे उडणारे तंतू, सोड्याचा वास, खोकणार नाही तर काय करणार माणूस? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात लाल रंगाची बाटली मिळायची, निम्मी लाँड्री ती प्यायची. पण थोरलीला संध्याकाळी कणकण यायला लागली. पोलकी ढगळ झाली. तिनं सुईदोरा घेऊन त्यांना टाके घातले आणि म्हणाली, "बरं झालं, पुढच्या वेळी कापड कमी लागेल." मी म्हटलं, "अगं, दवाखान्यात जा." तर म्हणाली, "मामा, आमचं फाटक लागल्यावर त्यांची खिडकी उघडते, आणि आमचं फाटक उघडायच्या आत त्यांची लागते. सुट्टी दोघांची एकाच दिवशी. मी नेमकं कधी आजारी पडू ते सांगा, तेव्हा पडते."

मग एकदा बॉयलर बसला, लाँड्री बंद. थोरली धावतच गेली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. तिथल्या सिस्टर आवाजानं मोठ्या, पण मनानं चांगल्या. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "गोळ्या फुकट आहेत. रोज घ्यायच्या, सहा महिने. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. रोज इथं येऊन माझ्यासमोर खा. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन ये."

थोरलीनं फाटकाचं गाऱ्हाणं सांगितलं. सिस्टरना दया आली. "बरं, महिन्याच्या घरी ने," म्हणाल्या. पुढच्या गोळ्या मीच आणून द्यायचो, माझी गाडी त्याच वाटेनं जायची. पोरीचीही सोय लागली. चाळीतल्या एका म्हातारीनं तिला तपासून आणलं, तिला काही नव्हतं.

राहिली धाकटी. तीही तोवर खोकायला लागलेली. थोरली म्हणाली, "चल, एक दिवस दोघी खाडा करू." धाकटी म्हणाली, "आणि मुकादमाला काय सांगू? एकीला झालंय कळलं तर दोघींना काढेल. दवाखान्याच्या चादरी आहेत त्या, जाऊबाई. आपल्या जागेवर दुसरी जोडी उभी राहायला वेळ लागतोय होय?"

हे सगळं मला पुढं कळलं. एका संध्याकाळी थोरलीनं पाण्याचा तांब्या घेतला, गोळ्या हातावर काढल्या, आणि समोर धाकटी भिंतीला टेकून खोकतेय. थोरली मला नंतर म्हणाली, "मामा, गोळी तोंडात घालवेना. ती खोकतेय, आणि मी तिच्यादेखत औषध गिळायचं? आजवर आम्ही साबणाची वडीसुद्धा एकटीनं वापरली नाही." मग दोघींनी मिळून ठरवलं. एक दिवस तुझ्या, एक दिवस माझ्या. ज्या बाईचं सगळं आयुष्य चादरीचं एक टोक आपण आणि एक टोक दुसरीनं धरण्यात गेलं, तिला यात चूक कुठं दिसणार?

गंमत म्हणजे त्यावरूनही भांडणं. "आज तुमचा दिवस." "नाही गं, काल मीच खाल्ल्या." "खोटं बोलू नका, काल मोरीतून कोण ओरडलं लाल झाली म्हणून?" एकमेकींचा खोटेपणा अशा पुराव्यानं पकडायच्या. आपल्या वाट्याची गोळी दुसरीच्या गळ्यात घालायची, यासाठी भांडणं!

सुरुवातीला दोघींनाही बरं वाटलं. ताप उतरला, जेवण जायला लागलं. थोरलीनं पोलक्याचे टाकेसुद्धा उसवले. मग हळूहळू सगळं परत आलं, आणि धाकटीला जास्त आलं. तिची मान बारीक झाली, डोळे मोठे दिसायला लागले.

एक दिवस मी गठ्ठा उतरवत होतो. थोरली चादरी सारत होती, तिला रुळापलीकडचं दिसत नव्हतं. ती ओरडली, "धर गं! झोपलीस का?" पलीकडे चादरीवर चादर जमिनीवर पडत होती, आणि त्या ढिगाआड धाकटी बसलेली, पदर तोंडाला लावून. पदर लाल.

मुकादम आला. ओरडला नाही. नाकावर हात धरून मागं सरला आणि म्हणाला, "दोघी निघा. उद्यापासून येऊ नका."

थोरली म्हणाली, "साहेब, तिला जरा बसू द्या. दोन्ही बाजू मी धरते." आणि खरंच तिनं चादर आत सारली, रुळाला वळसा घालून पळाली, पलीकडून ओढली, परत इकडे पळाली, दुसरी सारली. पळता पळता खोकत होती. "बघा साहेब, होतंय. होतंय की नाही?" सगळ्या बाया हातातलं काम सोडून बघत होत्या. मुकादमानं खटका दाबला. रूळ थांबला, तरी ती अर्धी चादर दोन्ही हातांनी ओढतच होती.

रिक्षावाल्यानं पदराकडे पाहिलं, "सीट कोण धुणार?" म्हणाला आणि गेला. मग मी धाकटीला हातगाडीवर घातलं, मळक्या गठ्ठ्यांवर. ती पडल्या पडल्या म्हणते, "मामा, यांच्याबरोबर मलाही धुवायला टाका, पण पिळू नका." थोरली म्हणाली, "गप बस, दम लागतो." तिनं गाडीचा कठडा सोडला नाही. एवढे दिवस त्या दवाखान्यात जायला वेळ नव्हता. आता दिवसच्या दिवस मोकळे होते.

रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. डॉक्टरांनी धाकटीची छाती ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिला मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं. पण हिनं याआधी टीबीच्या गोळ्या कधी खाल्ल्या आहेत का? पहिल्यांदाच औषध होतंय की आधी झालंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं. चुकीचं औषध दिलं तर उपयोग नाही, आणि हिच्याकडे तेवढा वेळ नाही."

धाकटीनं मान हलवली. नाही. कधीच नाही. आणि थोरलीचा हात घट्ट धरला.

धाकटी कुणाला वाचवतेय ते थोरलीला कळलं. खरं सांगितलं तर थोरलीच्या गोळ्या बंद होतील, फुकटचं औषध वाटलं म्हणून हाकलून देतील, अशी दोघींना धास्ती. नाही सांगितलं तर धाकटीला भलतंच औषध. थोरलीनं धाकटीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. मग ती म्हणाली, "खाल्ल्यात. माझ्यातल्या. एक दिवसाआड. मीही तशाच खाल्ल्या."

धाकटी कळवळली, "जाऊबाई!"

सिस्टर भडकल्याच. "अगं, एवढं बजावलं होतं! नीट घेतल्या असत्या तर तू तरी बरी झाली असतीस. अर्धवट औषधानं आता दोघींच्या अंगातला रोग त्या गोळ्यांना बधेनासा झाला असेल तर? मी विश्वासानं तुझ्या हातात दिल्या. कसं सुचलं तुला हे? बोल ना!"

सगळी रांग थोरलीकडे बघत होती. धाकटी बाकावर आडवी, डोळे मिटलेले, श्वास शिट्टीसारखा वाजतोय. थोरलीनं तिचा घसरलेला पदर उचलला, रक्ताची बाजू आत घेऊन सरळ केला. आणि मग सिस्टरना जे म्हणाली, ते मी शब्दाला शब्द सांगतो.

"मला मागनं बोला सिस्टर, आधी तिची चिठ्ठी लिहा. आणि आता ज्या गोळ्या द्याल त्या माझ्या हातात देऊ नका, दोघींना तुमच्यासमोर बसवून खायला घाला. ती खोकायला लागली की मी परत वाटून देईन, माझा काही भरवसा नाही."