आर्चुलेतांच्या घराच्या भिंती

मोरा खोऱ्यातलं आर्चुलेतांचं घर फिदेलच्या आजोबांनी अठराशे अडुसष्टात बांधलं. तेव्हा लुटारूंची भीती. म्हणून कच्च्या विटांच्या दोन हात जाड भिंती, बाहेरच्या अंगाला एक खिडकी नाही आणि दरवाजा एकच. गुरं आणि सुना दोन्ही त्यातूनच आत यायच्या. गुरं निदान विकायला तरी बाहेर जायची.

फिदेलची बायको एलोइसा सतराव्या वर्षी आत आली. दर उन्हाळा सरताना माती नि काड कालवून सगळं घर लिंपायचं, तेही बायकांनीच. पुरुषांनी विटा रचाव्यात, गिलाव्याला हात लावू नये, अशी तिथली रीत. सव्वीस वर्षं लिंपलं तिनं. बहिणीच्या लग्नाला जाणं त्यात बुडालं, बापाची मातीही चुकली.

शेवटी नवऱ्यामागे लागून तिनं बाहेरून सिमेंट थापून घेतलं. सासू, दोन्या रेफुहिओ, म्हणाली, "मातीला श्वास लागतो गं. तोंडावर उशी दाबतेयस तिच्या."

"आई, सव्वीस वर्षं मी श्वास रोखलाय. आता तिची पाळी."

तीन वर्षं हात कोरडे राहिले. मग डेन्व्हरहून लेकीचं पत्र आलं : सप्टेंबरात दिवस भरतात, आई, तू हवीस. एलोइसानं पेटी भरली.

निघायच्या सकाळी चुलीमागची भिंत ओली दिसली. तिनं चमचा टोचला, तर तो लापशीत जावा तसा दांड्यापर्यंत गेला. सिमेंटच्या भेगांतून पाणी आत शिरलं होतं आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. शेजारच्या खोलीत त्याच बाहेरच्या भिंतीला लागून सासूची खाट.

"तू जा," म्हातारी म्हणाली. "भिंत पडलीच, तर माझ्यासाठी खड्डा खणायचे कष्ट वाचतील."

"गप्प बसा हो आई!"

फिदेल हातोडा घेऊन आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "सिमेंट मी फोडतो. पण लिंपणार कोण?"

"तुम्हाला हात नाहीत?"

"मी? लिंपू? अगं, चारचौघांत तोंड दाखवायचंय मला!"

एलोइसानं सासूची खाट ओढून ओसरीवर नेली. सगळं सिमेंट उतरवायचं, भिंती वाळू द्यायच्या, मग थरावर थर. दोन उन्हाळे सहज जाणार. तोवर नातवंड चालायला लागलेलं असेल.

तिनं अंगातला प्रवासाचा कोट काढून खुंटीला अडकवला आणि फिदेलच्या हातातला हातोडा घेतला.