पाठीतली सुपारी

सगुणाक्का गेल्या त्या सकाळी मी त्यांच्या लेकीला, मैथिलीला, दोनदा फोन केला. दुसरा कशासाठी ते सांगायला नको. पहिला मात्र आनंदाचा होता. साडेसहा वाजले होते, कुंभकोणमच्या आमच्या स्वयंपाकघरात फिल्टरमधून कॉफी ठिबकत होती आणि मी पदराला हात पुसत तिला सांगितलं, "तुझी आई रात्रभर घोरली नाही. एकदासुद्धा नाही." तिकडे चेन्नईत मैथिली इतकी हसली, की आठवा महिना आहे, जरा बेतानं हस, असं मला म्हणावं लागलं. मग मी पितळी पेल्यात कॉफी ओतून अक्कांना उठवायला मधल्या खोलीत गेले. त्या कुशीवर होत्या, तोंड भिंतीकडे. मी पाठीवर हात ठेवला. ब्लाउजच्या पाठीत शिवलेली सुपारी हाताला लागली... आणि पाठ गार होती.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी सोलापूरची. बत्तीस वर्षांपूर्वी या घरात लग्न होऊन आले, तेव्हा तंजावरच्या दरबाराबरोबर कधीकाळी इकडे आलेल्या या माणसांची मराठी ऐकून मला हसू आवरत नसे. घरात पणजोबांच्या काळची मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अस्खलित तमिळ. अक्का तेव्हा नुकत्या विधवा होऊन, कडेवरची मैथिली आणि एक शिवणयंत्र घेऊन माहेरी परतल्या होत्या. पुढची सगळी वर्षं त्यांनी त्या यंत्रावर आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. माप घेताना त्या टेप क्वचितच काढायच्या. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असायचं, आणि बाहीची तुरपाई अशी, की टाका शोधून सापडू नये. माझी त्यांच्याशी पहिली पाच वर्षं भांडणात गेली. मी फटकळ, त्या अबोल, आणि अबोल माणसाशी भांडण्यात हरायलाच होतं, हे मला उशिरा कळलं.

त्या घोरायच्या. साधंसुधं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर हलतं असं आमचे हे म्हणायचे. मी तर दर पाहुण्याला सांगायचे की आमच्या घराला राखणदार ठेवायची गरज नाही. सगळे हसत. अक्काही हसत, तोंडावर हात धरून. तो हात का धरतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गुडघे गेल्यापासून मला जिना चढवेना, म्हणून गेली चार वर्षं मी त्यांच्याजवळ मधल्या खोलीत झोपत होते. पहिले काही महिने कानात कापूस घातला, मग सवय झाली. मधूनच त्यांचं घोरणं एकदम थांबायचं, बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा एक मोठा श्वास. त्या थांबण्याचं मला तेव्हा बरंच वाटायचं. तेवढीच शांतता.

दिवसा मात्र त्या झोपेला आल्यासारख्या असत. तांदूळ निवडताना मान खाली जाई. रिक्षात बसल्या की घर येईपर्यंत डुलकी. एकदा दुपारी यंत्र चालू असताना डोळा लागला आणि सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. मी धावत गेले तर त्या बोटाकडे असं बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं. त्यांना साठसुद्धा झाली नव्हती.

मैथिलीचा साखरपुडा जवळच्याच पट्टीश्वरमला झाला, तिथल्या एका छोट्या मंडपात. जेवणं झाली, दुपारचं ऊन, पंखे फिरत होते, आणि अक्का खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपल्या. दोन मिनिटांत सगळा मंडप त्यांच्याकडे बघू लागला. मुलाच्या आईने, म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाईंनी, गोड आवाजात विचारलं, "चेन्नईत आमचा फ्लॅट लहान आहे, शेजाऱ्यांच्या भिंतीही पातळ. या राहायला आल्या, तर यांची कशी व्यवस्था करायची?" लोक हसले. मीही हसले. अक्का जाग्या झाल्या होत्या... डोळे मिटूनच होत्या, पण जाग्या होत्या. परतताना गाडीत त्या पहिल्यांदाच झोपल्या नाहीत.

पुढे मैथिलीला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, पण तिला रक्तदाबाचा त्रास निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. मग आईनेच तिकडे जायचं ठरलं, दोन महिने, त्या लहान फ्लॅटमध्ये, विहीणबाईंच्याच खोलीत. अक्कांनी त्या दिवसापासून एकच ध्यास घेतला. घोरणं थांबलं पाहिजे.

मी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते तरुण होते आणि समजावून सांगत होते. हा नुसता आवाज नाही, झोपेत यांचा श्वास अडकतो, शरीर दर वेळी दचकून जागं होतं, म्हणून दिवसभर झोप येते, हृदयावर ताण पडतो. एक रात्र दवाखान्यात अंगाला वायरी लावून तपासणी, आणि मग बहुधा झोपताना नाकावर बसवायचं एक यंत्र. अक्कांनी सगळं ऐकून मान डोलावली. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "नाकास नळी लावून लेकीच्या घरीं जाऊं, शालू? बाळंतपण होऊं दे. मग बघूं." मी आग्रह केला नाही. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारी मी, तिथे गप्प बसले. आज त्याचा मला राग येतो. त्यांचा नाही, माझा.

मग घरचे उपाय सुरू झाले. नाकात कोमट तेल, निलगिरीची वाफ, संध्याकाळी सुंठीची कॉफी, रात्रीचा दहीभात बंद, पुढे रात्रीचं जेवणच बंद. भजनाला येणाऱ्या एका आजींनी सांगितलं की उताणं झोपूच नये. ते अक्कांना पटलं. त्या शिवणाऱ्या बाई. त्यांनी आपल्या चार जुन्या ब्लाउजना पाठीत, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, एकेक खिसा शिवला, त्यात अख्खी सुपारी घातली आणि तोंड शिवून टाकलं. उताणं झालं की सुपारी टोचायची आणि माणूस आपोआप कुशीवर. ती तुरपाईसुद्धा अशी होती, की टाका दिसू नये. पाठीवर लाल वळ उठले होते. मी तेल लावून देत असे, आणि त्या विचारत, कमी आहे का गं आता? मी म्हणे, थोडं कमी वाटतं. खरं तर मला काही कळत नव्हतं, इतकी त्या आवाजाची सवय झाली होती.

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट होतं. बुधवारी आम्ही दोघींनी बाळंतिणीचं लेगियम केलं. म्हणजे सुंठ, पिंपळी, गूळ आणि तूप घालून घोटलेला अवलेह. तो दिवसभर मंद आचेवर ढवळावा लागतो. माझे हात खांद्यापासून दुखत होते. अंथरुणं घातल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी निजल्यावर तूं जागी ऱ्हा. मी घोरतें कीं नाहीं, तेवढं ऐक. सकाळीं खरं तें सांग. घोरत असलें तर मी जात नाहीं." मी हो म्हटलं. बत्तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. ही एकच गोष्ट.

मला त्यांचे पहिले दोन-तीन श्वास आठवतात. मग सकाळ आठवते.

मी झोपले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. सकाळी उठले तर खोली शांत होती, त्या कुशीवर होत्या, आणि मला लाज वाटली की कबूल करूनही मी जागी राहिले नाही. मग मनाची समजूत घातली, की घोरल्या असत्या तर आपल्याला जाग आली नसती का? आणि त्याच समजुतीवर मैथिलीला फोन लावला. त्या रात्री त्या घोरल्या का, किती वेळ घोरल्या, तो मोठा श्वास शेवटी कितव्यांदा आला नाही... मला माहीत नाही. जागी असते तर वाचल्या असत्या, असंही मी म्हणत नाही. पण ऐकायला मला बसवलं होतं.

नंतर जो तो म्हणाला, झोपेत गेल्या, पुण्यवान बाई, सुखाचं मरण. मला ते ऐकवत नाही. ज्या बाईला कित्येक वर्षांत एक रात्र सुखाची झोप मिळाली नाही, तिला झोपेतच मरण आलं, यात पुण्य कुठे आलं? मैथिलीला अंत्यविधीला येता आलं नाही. अठरा दिवसांनी तिला मुलगी झाली. तेव्हापासून ती फोनवर एकच विचारते, "मामी, आई त्या रातीं एकदाही घोरली नाहीं ना? सुखानं निजली ना?" आणि मी म्हणते, नाही गं, एकदाही नाही. तिचा आवाज निवळतो. त्या आवाजासाठी मी आयुष्यभर खोटं बोलले असते.

पण गेल्या आठवड्यात तिने हसत हसत सांगितलं, की बाळंतपणापासून तीही घोरते, दिवसा बाळाला पाजताना डोळे मिटतात, आणि नवरा म्हणतो मध्येच तुझा श्वास थांबतो. मग म्हणाली, "आईचा तो सुपारीचा ब्लाउज माझ्यास्तव ठेव. आईचं घोरणं त्यानंच थांबलं ना."

मैथिलीला आपली मराठी बोलता येते, वाचता येत नाही. शाळेत ती तमिळ आणि इंग्रजी शिकली. म्हणून हे आधी इथे लिहिण्याचं धाडस झालं. तिच्यासमोर बोलायच्या आधी एकदा कुठेतरी बोलून बघायचं होतं. काल मी मधल्या खोलीत अक्कांच्या यंत्राशी बसून राहिलेले तिन्ही ब्लाउज उसवले. टाके सापडायला फार वेळ लागला. तीन सुपाऱ्या यंत्राच्या खणात आहेत. त्या तरुण डॉक्टरांकडे मी मैथिलीचं नाव लावून आले आहे.

शुक्रवारी ती बाळाला घेऊन येते आहे, याच खोलीत झोपेल. तिला आधी सगळं सांगेन, मग अंथरूण घालीन.