सरांचा दाखला

आश्विनातला शेवटचा रविवार, सकाळ. ठिकाण: पेडगाव, वैजनाथरावांचं दूध संकलन केंद्र. हजर: वैजनाथराव, त्यांच्या पत्नी काशीबाई, मुलगी शिवकन्या, दूध घालायला आलेली माणसं आणि मी. गैरहजर: मन्मथ सर. ते जिंतूरच्या घरून एसटीने परभणीला आणि तिथून पेडगावला येणार होते. शिवकन्याची शेवटची चाचणी होती. दहावीत गणित आणि इंग्रजीला अडकलेली ही मुलगी सरांसमोर दुधाचं फॅट काढणार होती, त्याचा हिशेब मांडणार होती आणि काय केलं, का केलं ते तोंडी सांगणार होती. ते जमलं की तिला प्रवेश पात्रतेचा दाखला मिळणार होता. तो हातात असला की दहावी पास नसतानाही दुग्धव्यवसायाच्या अभ्यासक्रमाला जाता येतं. वैजनाथरावांनी तिला आलेलं स्थळ तेवढ्यासाठी थांबवून धरलं होतं.

दुधाची गाडी येऊन गेली. चाचणीसाठी बाजूला ठेवलेला नमुना काशीबाई ऊन सरकेल तसा सावलीत सरकवत होत्या. मी फोन लावत होते, कुणी उचलत नव्हतं. "सर येतो म्हणले की येतेत," शिवकन्या म्हणाली. मग सरांच्याच नंबरावरून फोन आला. बोलत होता त्यांचा मुलगा. आंघोळीला गेलेले सर बाहेर आले नाहीत... दार तोडावं लागलं. मी ऐकलं तसं सगळ्यांना सांगितलं. शिवकन्याने नमुना ओतून टाकला, बाटली विसळली आणि पालथी घातली.

संध्याकाळच्या आत जिंतूरला लिंगायत रिवाजाप्रमाणे सरांना बसवून समाधी दिली. कपाळाला भस्म, भोवती बेलाची पानं. माणूस गेल्यावर असा बसलेला पाहणं काहींना जड गेलं असेल. मला ती बैठक ओळखीची होती. मुलांची चाचणी घेताना ते असेच बसायचे, खाली, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. फक्त तेव्हा ते मधूनमधून "हं, मंग?" म्हणायचे.

सर परभणीच्या एका खाजगी शाळेत कार्यानुभव शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरात दोन खोल्या घेतल्या आणि शाळेतून सुटलेल्या पोरापोरींना गोळा करायला लागले. वेळापत्रक, हजेरी, पत्रव्यवहार यांसाठी मी गेले आणि तिथलीच झाले. ते मला यादीबाई म्हणायचे. "यादीबाई, आज काय म्हणायलाय तुमचा कागद?" हे त्यांचं सकाळचं स्वागत. मी वाचून दाखवायचे, ते ऐकायचे आणि त्यातलं तिसरंच काम हाती घ्यायचे. त्यांचा राग आला नाही असा आठवडा मला आठवत नाही.

पण पोराला वाट शोधून द्यायची त्यांची रीत पक्की होती. आधी त्याच्या घरी जायचं, तो दिवसभर काय करतो ते बघायचं, आणि तिथूनच धडा सुरू करायचा. झरीच्या एका मुलाचं गणित त्यांनी पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग भरण्यापासून सुरू केलं. शिवकन्याचं फॅटच्या आकड्यापासून. तिला चार पॉइंट पन्नास हे चार पॉइंट पाचपेक्षा मोठं वाटायचं. "पन्नास मोठे की पाच, तुमीच सांगा," ती सरांशीच भांडायची. सरांनी दशांशाचं पुस्तक काढलं नाही. तिला एकाच दुधाचे दोन नमुने तपासायला लावले, एकाचा आकडा एका पद्धतीने लिहिला, दुसऱ्याचा दुसऱ्या, आणि म्हणाले, "आता यातलं कोणतं दूध जास्त घट्ट, ते दाखव मला." ती बराच वेळ दोन्ही बाटल्यांकडे बघत राहिली. नंतर हसली ती स्वतःलाच.

या शिक्षणाला शेवटी दाखला हवा, नाहीतर ते हवेत जातं, हे सरांना कळत होतं. दहावीच्या अलीकडे एक छोटी पात्रता असावी, आणि प्रत्येकाने ती आपापल्या वाटेने मिळवावी, हा त्यांचा आग्रह. नाव काय द्यायचं यावरच आमची निम्मी शक्ती गेली. त्यांनी आधी नाव ठरवलं 'पहिली पायरी'. पेडगावच्या पालकसभेत वैजनाथराव उठून उभे राहिले. "सर, आमची पायरी आमाला ठावं हाय. ती दाखवायला परभणीहून यायची गरज न्हाई." सभा हसली, सर ओशाळले. मग 'उंबरठा' सुचवलं. त्यावर काशीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "उंबरठा वलांडलेली पोरगी म्हणून कागद देणार का तुमी? मग हिला सून करतंय कोण?" तेही गेलं. एका शिंपीकाम करणाऱ्या चाचांनी 'हुनर दाखला' सांगितलं, ते सगळ्यांना आवडलं. मंजुरी देणाऱ्या समितीने मात्र त्याचं 'प्रवेशस्तर पात्रता प्रमाणपत्र' केलं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी गावोगाव त्याला 'सरांचा दाखला' म्हणायला लागले. सरांनाही ते आवडायचं, हे लपवत नाही.

समितीच्या बैठकीला मी सोबत होते. प्रत्येकाची वाट वेगळी, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं. चहा आला. नंतर ठरलं की परीक्षा मात्र एकाच दिवशी, एका सभागृहात, एका प्रश्नपत्रिकेवर. सर म्हणाले, "एकाला फॅट काढायचंय, एकाला मोटार भरायचीय, अन् तुमी दोघांला एकच निबंध द्यायलात." बऱ्याच खेपा घातल्यावर जागेवर जाऊन चाचणी घ्यायची परवानगी मिळाली, तीही प्रायोगिक, आणि मूल्यमापक म्हणून एकट्या सरांच्या नावाने. दुसरं नाव घालून घेऊ, असं मी तिथेच म्हटलं. "पहिलं तर चढू द्या, यादीबाई." नंतरही म्हटलं. तेव्हा ते चिडले. त्या दिवसांत त्यांच्या छातीत जळजळायचं, ते सोडा पिऊन बसायचे आणि दवाखान्याचं नाव काढलं की एसटीची वेळ झाली म्हणायचे.

चौदावा झाल्यावर मी समितीच्या कार्यालयात गेले. साहेब सहानुभूतीने बोलले. नव्या मूल्यमापकाची प्रक्रिया सुरू आहे, म्हणाले. कधीपर्यंत? प्रक्रिया सुरू आहे. तोपर्यंत जुन्या चाचण्या ग्राह्य, अपुऱ्या तशाच राहतील. मी स्वतः चाचणी घेऊ शकते का, विचारलं. तुम्ही शिक्षक नाही, म्हणाले. ते खरं आहे.

तिथून मी पेडगावला गेले. वैजनाथराव कॅन धूत होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सावकाश बोलले. "मॅडम, दाखला सरांचा व्हता. सर गेले. आता त्यो दाखला कुणाचा?"

"शासनाचा आहे, वैजनाथराव. नाव फक्त सरांचं पडलं."

"मंग शासनाला बोलवा की. ते बसंल का हितं सरासारखं, मांडी घालून?"

मी त्यांना मंजुरीचं पत्र, शिक्का, सगळं दाखवलं. त्यांनी ते आदराने पाहिलं आणि घडी घालून परत दिलं. ज्या माणसावर विश्वास टाकून त्यांनी सोयरीक थांबवली, तो माणूस आता नाही. शिक्क्याने ती जागा भरत नव्हती, आणि भरते असं मलाही म्हणवेना. शिवकन्या आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

तुळशीचं लग्न लागलं. आज मी फोन केला तर काशीबाईंनी उचलला. "पाहुणे यायलेत मॅडम, परवा. पोरगी रानात गेलीय." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती रोज फॅट काढून बघायलीय. कुणी न्हाई तरी तोंडानं बोलती, सरांना सांगितल्यासारखं... तुमी यायच्या असाल तर त्याच्या आधी या."

शिवकन्याची चाचणी राहिली आहे. ती घेणारं माणूस अजून नेमलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने मला पेडगावला जायचं आहे, आणि वैजनाथरावांना काय सांगून आणखी थांबवायचं, ते ठरायचं आहे.