हरणासाठी कोणतं काडतूस?

ज्या घरात परवान्याची बंदूक असते, त्या घरात काडतुसांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमची बंदूक मामंजींच्या काळातली, पीकराखणीची. यंदा सेनगाव रोडच्या शेतात हरभरा गुडघ्याला लागला आणि हरणांचा कळप रोज पहाटे पंगतीला बसू लागला. त्यात आमची सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मी गावच्या देवीला बोलून बसले, की लेकरू हातात येईपर्यंत आपल्या बंदुकीनं कुणाचा जीव जाणार नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग हरभरा कोण राखंल?"

"देवी."

"बरं. तिला म्हणावं, उजाडायच्या आत बांधावर ये."

*

नणंदेचे मालक फौजेतून रिटायर होऊन वारंगा फाट्याला राहतात. चहाला आले की आमच्या ओसरीवर युद्ध सुरू होतं.

"तुमच्या ह्या बाराबोरच्या बंदुकीनं काय होतंय? हरणाला तीनशेपंधराची रायफल पाहिजे. एक गोळी, विषय संपला."

हे बशीत चहा ओतत म्हणाले, "आन हरणामागं येणाऱ्या फॉरेस्टवाल्याला कोणती गोळी, दाजी?"

दाजींनी थोडा विचार केला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, चहात आलं झकास पडलंय."

*

मग आम्ही दोघं हिंगोलीला काडतुसं आणायला गेलो. दुकानदार चाचा फार सज्जन. आधी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"रानडुकराला एलजी घ्या. मोठे छर्रे, जनावर जागीच पडतं. पाखराला बारीक. तुम्हाला काय मारायचंय?"

"मारायचं काहीच न्हाई," हे म्हणाले. "नुसतं पळालं पाहिजे."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "भाईसाब, फटाके की दुकान सामने है।"

पण माझं पोटुशी लेकीचं आणि नवसाचं ऐकल्यावर त्यांनी स्वतः बारीक छर्‍याची काढून दिली. "आभाळात मारा, ताई. बस, आवाज झाला पाहिजे." डुकरांची परवानगी होती म्हणून ह्यांनी थोडी एलजीही घेतली. सांजवात लावताना त्या चाचांच्या लेकराबाळांसाठी मी आजही हात जोडते.

*

काडतुसं ठेवली देवघरात. घरात कुलूप तेवढंच. पण देवघराला पारोसा हात लागलेला मला चालत नाही. त्यामुळं हे थंडीत उठायचे, बंब पेटवायचे, आंघोळ करायचे, मग काडतूस घेऊन निघायचे. तोवर कळप खाऊन, ढेकर देऊन डोंगराकडं!

एकदा कुडकुडत मला म्हणाले, "हरणं बिनआंघोळीची जेवून राहिली, आन मी सोवळ्यात राखण करून राहिलो."

शेतशेजारी मारोतराव बांधावरून हसले, "वैनी, हरणायला बी आंघोळीची सक्ती करा. बराबरीचा सामना होईल."

मीही हसले. हरभरा मात्र रोज थोडा थोडा कमी होत होता, आणि ह्यांचं हसणंसुद्धा.

*

एके दिवशी पहाटेच मारोतराव दारात. "अर्धं रान गेलं. आज आभाळात नको. डुकराचं एलजी घाल अन् एक पाड, म्हंजी कळप परत फिरकत न्हाई. कोण बघतंय?"

ह्यांनी आंघोळ केली. देवघरात हात घातला आणि एलजी उचललं. मी बघत होते हे त्यांना ठाऊक होतं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. आत सुमन पाठ धरून कण्हत होती. मी तिच्या कमरेला तेल लावत बसले आणि कान शेताकडं. देवीला सगळं सांगून झालं होतं.

उजाडलं. ऊन ओसरीवर आलं. आवाज आला नाही.

हे परतले. बंदूक भिंतीला टेकवली, एलजी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "विहिरीकडच्या कोपऱ्यातला हरभरा यंदा सोंगायचा न्हाई. कुणाला तिकडं जाऊ बी देऊ नको."

तेवढ्यात मारोतराव तावातावानं आले. "काहून वाजली न्हाई रे बंदूक? कळप काय दिसला न्हाई का?"

"हळू बोल, मारोती," हे म्हणाले. "विहिरीकडच्या हरभऱ्यात बाळंतीण हाय."