काळ्या मातीतली बोर

सासरच्या अंगणातली माती काळीभोर आणि चिकट. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घ्यायची, उन्हाळ्यात तिच्या भेगांत अख्खा हात जायचा. त्या मातीत माझे सासरे चिकू जगवायला निघाले होते. ते गावच्या दूध संस्थेचे संचालक. संस्थेनं सभासदांना रोपं वाटली आणि संचालकाच्या दारात चिकू नाही म्हणजे काय! मोठे खड्डे, पोयट्याची मऊ माती, शेणखत, सगळा थाट झाला. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून एक चिकू कुजला, दुसऱ्याची मुळं उन्हाळ्यात भेगांनी तोडली. सासरे तिसरं रोप विकत आणायला केजला निघाले, तेव्हा मला राहवलं नाही.

“मामा, बोर लावू. आमच्या माहेरी, दिंद्रुडला, अशाच मातीत हाय.”

सासूबाई कडाडल्या, “दारात काटे कावून? घरात भांडणं लावायचीत का?”

भांडणांसाठी या घराला काट्यांची गरज कधी पडली नव्हती.

सासरे म्हणाले, “लाव. पर टँकरचं पाणी मिळणार न्हाई. वाळली की तितं कडब्याची गंजी.”

मी हट्टाला पेटले. रोप आणलंच नाही, कारण बोरीला मूळ हलवलेलं सोसत नाही. खड्ड्याऐवजी मातीचा उंचवटा केला आणि आषाढात बी जागेवरच टोकलं. पुढं माहेरच्या बोरीची काडी आणून उगवलेल्या रोपावर तिचा डोळा भरून कलम केलं. उन्हाळ्यात खुरप्यानं भेगा बुजवायच्या, एवढीच काय ती चाकरी. दोन-तीन वर्षांत बोर फळ धरायला लागली.

मग एका वर्षी दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, दूध संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. बांधावरच्या बोरी लोकांनी शेळ्यांच्या पाल्यासाठी ओरबाडून नेल्या. संक्रांत आली आणि सुगडात घालायला गावात बोरं नाहीत! आमची तेवढी लगडलेली. सकाळपासून बायकांची दारात रीघ लागली.

सासूबाई पदर खोचून झाडाखाली उभ्या, ओंजळीनं वाटत होत्या. “घ्या गं, लई गोड हायत!” त्यांचा तोरा बघून मला वाटलं, आता श्रेयही त्याच घेणार. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, “आक्का, झाड लावलं ते बरं केलंत.”

“म्या न्हाई,” सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हिनं लावलं. म्या तर नको म्हनलं होतं.”

भरल्या अंगणात मी मोठ्यानं हसले, सुनेनं हसू नये इतकं.