काकू ऑफिसात गेल्यात

वैजूकाकू रोज सकाळी घरातून निघून घरातच कामाला जायच्या.

चारकोपच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर होतं, म्हणून हा सोहळा मी अनेक वर्षं पाहिला. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला पर्स, हातात डबा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. सासूबाईंना "येते हां" म्हणून त्या तीन जिने उतरायच्या, वॉचमनला नमस्कार करायच्या, इमारतीला एक फेरी मारायच्या आणि पुन्हा तेच तीन जिने चढून त्याच घरात शिरायच्या. शिरल्यावर इकडे तिकडे न बघता सरळ आतल्या लहान खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

थोड्या वेळाने सासूबाईंची हाक यायची, "वैजू, चाय टाक गो."

आतून उत्तर यायचं, "वैजू ऑफिसात गेलीय. सहाला येईल."

सहाला दार उघडायचं. काकू पुन्हा खाली जायच्या, पुन्हा फेरी मारायच्या, वर येऊन "आले गो बाय" म्हणत चप्पल काढायच्या आणि मग चहा टाकायच्या. इमारतीतले लोक हसायचे. एकदा वॉचमननेच विचारलं, "मॅडम, एवढे जिने कशाला? आतल्या आतच जायचं ना." काकू म्हणाल्या, "बाईमाणूस घराबाहेर पडल्याचं दिसल्याशिवाय ती कामाला गेली असं कुणाला वाटत नाही, बाबा."

त्या ड्राफ्ट्सवुमन होत्या. मोठ्या इमारतींतून थंड हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट असतात, त्यांची ड्रॉइंग काढायच्या. अंधेरीतलं त्यांचं ऑफिस बंद पडलं, तेव्हा जुन्या साहेबांनी त्यांना हॉलंडमधल्या एका कंपनीचं काम मिळवून दिलं. परदेशातल्या हॉटेलांचे डक्ट चारकोपच्या लहान खोलीत, कॉम्प्युटरवर आखले जाऊ लागले. "वारा आपणहून शहाण्यासारखा कुठे जात नाही," त्या म्हणायच्या. "त्याला वाट काढून द्यावी लागते. माणसांचंही तसंच."

सासूबाई मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, "सून घरीच असते. काही करत नाही."

मी वाढले ते पत्रकांच्या गठ्ठ्यांत. माझे बाबा कामगार संघटनेत होते. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा करायची म्हणजे आधी पत्रकं उचलावी लागत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'हर हाताला काम' या ओळीवर. साहजिकच कॉलेजात गेल्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते घरकामाच्या मोबदल्यावर. भाषा अशी जळजळीत की छापणाऱ्याने दोनदा विचारलं, नाव नक्की टाकायचं ना. ते घेऊन मी सहानंतर काकूंकडे गेले. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, सगळं वाचलं आणि एकही खूण न करता पेन्सिल परत खोचली.

"मागण्या झकास आहेत," त्या म्हणाल्या. "पण सुट्टी किती वाजता होते ते कुठे लिहिलंयस?"

"काकू, प्रश्न मोबदल्याचा आहे."

"असूदे. ज्या कामाची सुट्टीच होत नाही, त्याचा पगार कोण मोजणार गो? आधी दार लावायला शीक. मग पत्रक काढ."

मला तेव्हा हे अगदीच मध्यमवर्गीय वाटलं होतं.

काका आधीच गेले होते. पुढे सासूबाईही गेल्या. काकूंची मुलगी केतकी आणि जावई रोहन स्पेनमध्ये, वलेन्सियाला नोकरी करत होते. केतकीला मुलगी झाली, इरा. काकूंना नातीजवळ राहायचं होतं आणि काम सोडायचं नव्हतं. त्या देशात दूरच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा मिळतो, हे त्यांनीच शोधून काढलं. कॉम्प्युटर आणि चार सुती साड्या घेऊन त्या गेल्या. तिथेही सकाळी लिफ्टने खाली, संत्र्यांच्या झाडांखालून इमारतीला फेरी, पुन्हा वर, आणि दार बंद. दिवसा इरा पाळणाघरात. सहानंतर मात्र आजी पूर्ण तिची.

मग हॉलंडच्या कंपनीने ड्रॉइंगसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि काकूंना आभाराचा ईमेल पाठवला. काम संपलं, आणि ज्या व्हिसाचा पायाच काम होता तोही डळमळला. तिथल्या वकिलाने दुसरी वाट सुचवली: साठवलेल्या पैशांवर राहणाऱ्यांसाठीचा परवाना. अट एकच, कोणतंही काम करायचं नाही. आणि अर्ज मुंबईहून नव्याने करायचा.

पैशांची अडचण नव्हती. सासऱ्यांचा बोरिवलीतला दुकानाचा गाळा विकला गेला होता. ज्या घराने जन्मभर 'काही करत नाही' म्हणून हिणवलं, त्याच घराच्या पैशांवर काकूंना आता खरोखरच काही न करण्याची सोय झाली होती.

अर्जासाठी त्या चारकोपला परतल्या. एका संध्याकाळी आमच्याकडे बसल्या असताना केतकीचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"आई, आता तू घरीच असशील ना? मग इराचं पाळणाघर बंद करते. आणि रोहन म्हणतोय, बाहेरचं जेवणही बंद करू. तुला तेवढाच विरंगुळा."

काकूंनी "बघू" म्हणून फोन ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "कळलं? काम सुटलं की बाई मोकळी. आणि मोकळी बाई म्हणजे सगळ्यांची."

"मग नका ना जाऊ, काकू. लढा द्या."

"कुणाशी? दोन वर्षांच्या इराशी? ती झोपताना माझा पदर मुठीत धरते गो. तिच्याविना मी इथे काय करू?"

अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. असल्या लिखापढीची भाषा मला येते म्हणून ते मी लिहायचं ठरलं. कच्चा मजकूर मराठीत केला: 'मी, वैजयंती राणे, त्या देशात कोणतेही काम करणार नाही.' बाबांनी चष्मा वर करून वाचलं.

"जन्मभर कामाचा हक्क मागितला," ते म्हणाले, "आणि आमच्याच टेबलावर हे लिहायची पाळी आली."

"तुमच्या संपात निदान परत कामावर जायची तरी सोय असायची, भाऊ," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

वकिलातीतल्या मुलाखतीहून काकू आल्या त्या हसतच. "साहेबाने विचारलं, दिवसभर काय कराल? म्हटलं, काही नाही. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं, काही नाही. सासूबाईंनंतर मला असं खोदून विचारणारा तोच. फरक एवढाच, की त्याला ते उत्तर आवडलं."

परवाना मिळाला. निघताना मी त्यांना माझं नवं पत्रक दिलं. त्यात स्थलांतरित स्त्रियांच्या फुकटच्या श्रमांवर दोन परिच्छेद होते. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "सुट्टीची वेळ टाकलीस का?" मी टाकली नव्हती.

पुढचे काही आठवडे मी मनातल्या मनात त्यांच्यावरच पत्रक लिहीत होते. एक कुशल हात स्वयंपाकघरात कसा गाडला गेला, वगैरे. शेवट तयार होता. फक्त खात्री करायची म्हणून एका दुपारी व्हिडिओ कॉल केला. तिथे सकाळ होती.

काकू खळीच्या साडीत टेबलापाशी ताठ बसल्या होत्या. टेबलावर काही नव्हतं. कॉम्प्युटर नाही, कागद नाही. मागचं दार बंद होतं.

"लवकर बोल. ऑफिसात आहे."

"काकू, पण काम तर बंद झालं ना?"

"झालं. म्हणून तर बसलेय. सरकारला लिहून दिलंय, काही करणार नाही म्हणून. दिलेला शब्द पाळायला वेळ लागतो गो. दहा ते सहा लागतो."

"आणि इरा?"

"पाळणाघरात जाते. आज निघायला जरा उशीर झालाय."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. रोहनचा आवाज आला, "आई, माझी मीटिंग आहे, केतकी आवरतेय. इराला पाच मिनिटं धरता?"

काकूंनी मानही वळवली नाही. "आई बाहेर गेल्यात. सहाला येतील."

मग रोहन इराला सांगत असल्याचं ऐकू आलं, "चल, आजी ऑफिसात गेलीय." त्याच्या आवाजात ना राग होता ना गंमत. शिकला होता बिचारा.

माझं पत्रक तिथेच निकालात निघालं. आम्ही इतकी वर्षं ज्याच्यासाठी घोषणा दिल्या, ते फुकट न राबण्याचं स्वातंत्र्य या बाईने एका परदेशी सरकारकडून अट म्हणून लिहून घेतलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं, जरा भाषणाच्या सुरातच. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या वर बघत होत्या.

"काय बघताय?"

"छताजवळ ती जाळी दिसते तुला? तिथून गार हवा येते. डक्टचं वळण चुकलंय. वारा या कोपऱ्यात पोचतच नाही. रोज बघते."

"मग काढा ना ड्रॉइंग. घरातलंच तर आहे. कोण बघायला येतंय?"

"छे गो," काकू म्हणाल्या. "लिहून दिलंय."

त्या पुन्हा त्या जाळीकडे बघू लागल्या. बोलता बोलता त्यांचा हात अंबाड्यातल्या पेन्सिलीपर्यंत गेला, जरा थांबला, आणि रिकामाच खाली आला.